वाचता न येणारे गुरुजी

आमच्या शाळेतल्या गुरुजींना वाचता येत नाही, ही गोष्ट वस्तीतल्या सगळ्या मुलांना माहीत होती. ती घरी कुणाला फारशी सांगत नसत. आपल्या माणसाचं व्यंग चारचौघांत बोलू नये, एवढी समज मुलांना असते.

शाळा म्हणजे दुर्गच्या रेल्वे लाईनला लागून असलेली एक पत्र्याची शेड. भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि कारखान्याच्या आधी धूळ उभी राहिली होती. मुरमाची तांबडी धूळ फळ्यावर, मुलांच्या पापण्यांवर, पाण्याच्या माठावर बसलेली असे. रेल्वेतली आणि नव्यानं प्लांटात लागलेली मराठी कुटुंबं नागपूर-भंडाऱ्याकडून आलेली. आजूबाजूला सगळा कारभार हिंदीत, म्हणून त्यांनी कमिटी काढून मुलांसाठी ही चौथीपर्यंतची मराठी शाळा सुरू केली होती. शिक्षक दोनच. पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी गुरुजींकडे, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात मधे भिंत नव्हती, त्यामुळे सगळी मुलं सगळीकडे असत.

मी रुजू झाले त्या दिवशी गुरुजी कमिटीची एक नोटीस हातात घेऊन भर वर्गात माझ्याकडे आले. उंच, किंचित वाकलेले, धोतरावर खाकी कोट आणि काखेत छत्री. छत्री ते उन्हातही उघडत नसत आणि पावसातही. त्यांनी नोटीस माझ्यासमोर धरली.

"बाई, पाहा बरं काय लिहिलं हाये यात. मले सुटी सुटी अक्षरं समजते. जोडता येत नाही."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. माझ्या आधी एक पोरगी उठली, नोटीस त्यांच्या हातातून घेतली आणि अडखळत का होईना, पूर्ण वाचून दाखवली. गुरुजी लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अरे बाप्पा! एवढं लिहिलं होतं का त्याच्यात?"

माणूस भ्रमिष्ट आहे अशी माझी समजूत झाली. दोनतीन दिवसांनी मी हजेरीपट भरत होते. गुरुजी मागून जाता जाता हळूच म्हणाले, "विद्यार्थीतला द्या चुकला तुमचा," आणि पुढे गेले. तेव्हा यांना वाचता येतं हे मला कळलं, पण भ्रमिष्टपणाबद्दलचं मत काही दिवस तसंच राहिलं.

त्यांचं म्हणणं मला पुढे कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात ते शिकवत असताना वर्गात एक हुशार मुलगा होता. सगळं पुस्तक धडाधड वाचायचा. एकदा गुरुजींच्या लक्षात आलं की त्यानं पुस्तक उलटं धरलंय आणि वाचन तसंच चालू आहे. "तो वाचत नव्हता, बाई. गाऊन राहिला होता. मी आधी वाचो, पोट्टे मागून गात. मी वाचलं का त्याइचे कान उघडे अन् डोये बंद." त्या दिवसापासून त्यांनी मुलांसमोर वाचणं सोडलं. गाव सोडून भिलाईत आले तेव्हा ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून इथे एक पाऊल पुढे टाकलं आणि आपल्याला वाचताच येत नाही असं जाहीर करून टाकलं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी. फळ्यावर शब्द लिहायचा, म्हणजे पुस्तकात बघून एकेक अक्षर चित्र काढल्यासारखं उतरवायचं. मग बोट ठेवत म्हणायचं, "हा म. हा ग. हा र. झालं काय मंग हे? गमर?" मुलं ओरडत, "मगर!" गुरुजी कपाळावर हात मारून घेत. "रमग म्हटलं तर चालन का?" "नाही!" "कावून नाही?" आणि मग का नाही, हे सांगण्यासाठी चारपाच मुलं फळ्याशी धावत. मी इतकी वर्षं शिकवलं, पण मुलांना एखाद्या माणसाची इतकी काळजी वाटताना पुन्हा पाहिलं नाही. गुरुजींचं कसं होणार, या विचारानं ती शिकत.

शेडमध्ये बाकं नव्हती. बसायला तरटपट्टी, आणि लिहायला टेकू म्हणून प्लांटात आलेल्या मशिनींच्या खोक्यांच्या फळ्या कुणीतरी आणून टाकल्या होत्या. त्यांवर काळ्या रंगात रशियन अक्षरं होती. एकदा एका मुलानं विचारलं, "गुरुजी, हे काय लिहिलं हाये?"

गुरुजींनी वाकून पाहिलं. "हे मले खरंच येत नाही, बाबू."

"म्हणजे बाकीचं खोटं खोटं येत नाही का?"

गुरुजी छत्री शोधायला निघून गेले. मुलांना खरं काय ते थोडं थोडं कळत होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

वाचायचं असं जमलं, पण लिहायचं काय? ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कोण कशाला लिहील? गुरुजींनी त्यावर उपाय काढला होता. घरी त्यांची बायको शिकलेली होती. मुलांना काही सांगायचं असेल तर त्यांनी काकूंना चिठ्ठी लिहायची. गुरुजी ती खिशात घालून नेत, आणि काकू उत्तर लिहून पाठवत. उत्तर अर्थातच मुलांनी गुरुजींना वाचून दाखवायचं.

त्या चिठ्ठ्यांनी वर्ग वेडा झाला होता. कुणी लिहिलं, 'काकू, आज गुरुजीने डबा खाल्ला नाही. आमाले वाटला.' दुसऱ्या दिवशी उत्तर: 'डब्यात काय होते ते लिहून कळवा. मला वाटते त्यांना कारले आवडत नाही.' कुणी विचारलं, तुमच्या घरी मांजर आहे का. उत्तर आलं, 'आहे. पांढरी आहे. तिला नाव नाही. तुम्ही ठेवा, पण का ठेवले ते लिहा.' नावावरून आठवडाभर भांडणं झाली आणि ज्याला चार ओळी लिहायचा कंटाळा त्यानंही पाटी भरून काढली. काकू चुका दाखवत नसत. फक्त लिहीत, 'तुझा दुसरा शब्द मला लागला नाही, पुन्हा लिही.' अक्षर बारीक आणि तिरकं. मीही त्या बाईंची वाट पाहू लागले होते. या गावात एक तरी बाई अशी आहे, जिच्याशी चार शब्द बोलता येतील, असं मनात येई. पण गुरुजींनी कधी घरी बोलावलं नाही.

नोटीस वाचणारी ती पोरगी म्हणजे कुसुम. तिसरीत होती, रेल्वेतल्या एका खलाशी मजुराची मुलगी. तेल लावून चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघण्याची सवय. गुरुजींच्या शिक्षणाची जबाबदारी तिनं स्वतःकडे घेतली होती. एका संध्याकाळी बापानं सहज विचारलं, गुरुजी काय शिकवून राहिले? ती म्हणाली, "ते नाही शिकवत. आमीच शिकवून राहिलो त्याइले. आता जोडाक्षरं घेतली हायेत."

बाप आधी हसला म्हणतात. मग हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो कमिटीच्या सेक्रेटरींकडे गेला.

सेक्रेटरी कुठल्याशा ऑफिसात हेडक्लार्क होते. माणूस वाईट नव्हता. शाळेसाठी त्यांनी पत्रे मिळवले होते, वणवण केली होती, आणि म्हणून शाळा आपली आहे असं त्यांना वाटे. ते कुसुमच्या वडिलांना घेऊन भर वर्गात आले. हातात नागपूरचं वर्तमानपत्र होतं. मुलं उभी राहिली, बसली.

"गुरुजी, तुमच्याबद्दल काही कानावर आलं आहे. मी विश्वास ठेवला नाही. ही पहिल्या पानावरची बातमी वाचून दाखवा, म्हणजे विषय संपला."

गुरुजींनी पेपराकडे पाहिलं, मग मुलांकडे. "मधल्या सुटीत वाचतो, साहेब. बाहेर."

"बाहेर कशाला? इथंच वाचा."

"इथं मले येत नाही."

"इथं येत नाही म्हणजे काय? वाचता येतं की नाही, एवढंच सांगा."

मी पुढे झाले. म्हटलं, "साहेब, गुरुजींचं नॉर्मल स्कूलचं, शिक्षक झाल्याचं सर्टिफिकेट कमिटीकडे आहेच की."

"सर्टिफिकेट कुणाचंही असू शकतं, बाई. मी माणसाला विचारतो आहे."

लाईनवरून मालगाडी खडखडत गेली. गुरुजींचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त छत्री त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. मग ते सावकाश म्हणाले, "नाही येत."

कुसुम उठली. पुढे आली आणि सेक्रेटरींच्या हातातून पेपर घेतला. "मी वाचते. त्याइले जोडाक्षरं जमत नाही अजून." आणि तिनं बातमी वाचायला सुरुवात केली. मोठ्या माणसांची, लांबलचक वाक्यांची बातमी होती. मंत्रिमंडळ, अर्थसंकल्प असे शब्द ती क्षणभर थांबून, ओठांत जुळवून, पुढे जात होती. तिसरीतली मुलगी आयुष्यात पहिल्यांदा हाती आलेला पेपर वाचत होती, आणि सेक्रेटरी ऐकत नव्हते. ते गुरुजींना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." तिचा बाप मात्र ऐकत होता. तो जाताना दारात थांबला आणि बातमी संपेपर्यंत हलला नाही.

गुरुजींनी मुलांना नीट बसा म्हणून सांगितलं आणि ते गेले.

शाळा सुटल्यावर मी त्यांचं घर शोधत गेले. रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. मला एवढंच सांगायचं होतं की सेक्रेटरींच्या घरी जा, तिथे मुलं नाहीत, एक पान वाचून दाखवा आणि मोकळे व्हा. दारात एक ठेंगणी, सावळी बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. गुरुजी आत खाटेवर होते. मी नमस्कार केला आणि म्हटलं, "काकू, तुमच्या चिठ्ठ्यांनी मुलांना किती वेड लावून ठेवलंय! आज भेट झाली."

"कोनत्या चिठ्ठ्या, बाई?"

मी आत पाहिलं. गुरुजी कौलांकडे बघत होते.

"मुलांना उत्तरं लिहिता ना तुम्ही, त्या."

"मले कुठं लिवता येते?" बाईंचा हात सुपात थांबला. "अंगठा करते मी." मग आत वळून त्यांनी विचारलं, "अवं, माह्या नावानं लिवता का काही?"

बाई माझ्याकडे वळल्या. "काय लिवते मी?"

मी सांगितलं. कारल्याचं सांगितलं, मांजरीचं सांगितलं. मांजर म्हटल्यावर त्या हसल्या. "मांजर? मांजरीनं तं मले शिंका येते." हसता हसता थांबल्या. सूप खाली ठेवलं.

"दुनियेच्या पोट्ट्याइले शिकवलं. मले एक दिवस म्हटलं का, बस म्हनून?"

"तू कधी म्हटलं नाही," गुरुजी आतून म्हणाले.

"त्या पोट्ट्याइले इचारता का, शिकू का म्हनून?"

बाईंनी सूप पुन्हा पुढे ओढलं. मी निघायच्या बेतात होते, तेवढ्यात अंगणात मुलं आली. दहाबारा तरी असतील. पुढे कुसुम, तिच्या हातात चिठ्ठी. तिनं गुरुजींकडे पाहिलंही नाही. चिठ्ठी सरळ काकूंना दिली.

"काकू, तुमच्यासाठीच हाये. आत्ताच वाचा."

काकूंनी ती घेतली, पदराला हात पुसले आणि कागद समोर धरला. मुलं वाट पाहत उभी राहिली. काकूंची नजर कागदावर फिरत होती, जशी एखाद्या अनोळखी घरात फिरावी.

"वाचा नं, काकू."

सगळ्यात लहान पोरगा म्हणाला, "उलटी धरली हाये."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. काकूंनी मान खाली घातली, पण कागद सोडला नाही. तेव्हा गुरुजी उठले. खाटेवरून दारात आले, त्यांच्या हातातून चिठ्ठी घेतली, सरळ केली आणि वाचली. मोठ्यानं, न अडखळता:

"काकू, गुरुजीले वाचायला शिकवा. नाही तर त्यांना शाळेत घेणार नाहीत. आम्ही शिकवत होतो पण जोडाक्षरे राहिली. तुम्हाला सगळे येते. लवकर शिकवा."

त्यांचा आवाज वाचताना वेगळाच होता. भरदार, स्वच्छ. मी तो पहिल्यांदा ऐकत होते. नोकरीसाठी जे त्यांनी सकाळी केलं नव्हतं, ते आता असं दारात उभं राहून केलं, आणि पुन्हा कौलांकडे बघू लागले.

कुसुम त्यांच्याकडे बघत होती.

"तुमाले येते."

"येते."

"कवापासून?"

"तुह्याएवढा होतो तवापासून."

"मंग आमी कावून शिकवलं तुमाले?" तिचा आवाज चढला. "रोज कावून शिकवलं?"

"तुमाले यावं म्हणून."

हे उत्तर बरोबर होतं, पण तिच्या प्रश्नाचं नव्हतं. ती वळली आणि चालू लागली. बाकीची मुलं थोडा वेळ रेंगाळली, मग तिच्या मागे गेली. काकूंनी हात पुढे केला. "द्या ते इकडे. माह्या नावाचं हाये." गुरुजींनी चिठ्ठी दिली.

पुढचं सगळं साधं आहे. गुरुजींना वाचता येतं ही बातमी मुलांनी घरोघर पोचवली. कुसुमचे वडील आणखी तिघाचौघांना घेऊन सेक्रेटरींकडे गेले. "पोट्टी पेपर वाचते साहेब, मले तं अजून नाही वाचता येत," एवढंच ते म्हणाले असं ऐकलं. सेक्रेटरींनी गुरुजींना परत बोलावलं. अट एकच, धडा आधी स्वतः वाचायचा, मग मुलांकडून म्हणवून घ्यायचा. गुरुजींनी मान्य केलं.

आणि ते एक अगदी सामान्य शिक्षक झाले. त्यांनी एकदोनदा जुनी युक्ती करून पाहिली. चष्मा घरी विसरलो म्हणाले, डोळे दुखतात म्हणाले. मुलं गालातल्या गालात हसली आणि वाट बघत बसली. मग गुरुजी वाचत, मुलं मागून सुरात म्हणत. त्यांना ते सहन होत नसे, चिडत, खडू फेकत. पूर्वी त्यांना चिडताना मी पाहिलं नव्हतं. चिठ्ठ्या बंद झाल्या. कुसुम चौथीत गेली तरी त्यांच्याशी कामापुरतं बोले, आणि बोलताना डोळ्यांत बघत नसे.

काकू मात्र शाळेत येऊ लागल्या. घरचं आवरून दुपारी येत आणि माझ्या पहिलीच्या मुलांमागे तरटपट्टीच्या टोकाला बसत. मी शिकवायला लागले, पण ते काम कुसुमनं माझ्याकडून घेतलं. लगेच नाही. आधी तिनं खात्री करून घेतली. पाटीवर ठसठशीत लिहिलं, 'काकू खोटे बोलतात', आणि ती पाटी काकूंच्या समोर धरून त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिली. काकूंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "किती छान अक्षर हाये तुह्यं," त्या म्हणाल्या. कुसुमनं पाटी पुसली आणि शेजारी बसली. "हिले खरंच येत नाही," ती मला येऊन सांगून गेली. त्यानंतर ती रोज बसे. घाई करत नसे, हसत नसे. गुरुजी पलीकडून अधूनमधून बघत. एकदा काकू एका शब्दावर फार वेळ अडल्या, तेव्हा ते न राहवून दोन पावलं पुढे आले. कुसुमनं मान वर केली. "आमचं चालू हाये," ती म्हणाली. ते परत गेले.

माझं लग्न ठरलं आणि मी भिलाई सोडली. जाण्याआधी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले. गुरुजी ओट्यावर बसले होते, मांडीवर एक पोस्टकार्ड पालथं घातलेलं.

"कुणाचं?"

"हिच्या बहिणीचं, तुमसरहून. हिनं लिहिलं होतं तिले. मले न सांगता. टपालाच्या डब्यातही स्वतःच टाकून आली. तिकडे भाच्यानं वाचून दाखवलं असन. त्यानंच लिहिलं असन उत्तर."

"खुशाल आहेत ना सगळे?"

"मी नाही वाचलं."

पोस्टकार्ड उघडंच असतं, मी म्हणाले.

"उघडं असते. पण तिचं हाये ते."

काकू नळावरून आल्या. हंडा ठेवला, हात कोरडे केले आणि पोस्टकार्ड घेऊन उंबऱ्यावर उजेडाकडे तोंड करून बसल्या. अक्षराखाली बोट ठेवत वाचू लागल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पहिल्याच ओळीला खूप वेळ लागला. गुरुजी समोरच्या रस्त्याकडे पाहत होते, पण त्यांचे कान तिकडे होते हे दिसत होतं. मधेच काकू एकट्याच हसल्या.

"काय म्हणते?" गुरुजींनी विचारलं.

काकूंनी मान वर केली नाही. "थांबा," त्या म्हणाल्या, आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.